नाताळच्या सिनेमातला बिजवर

दुपारी टीव्हीवर लागणारे नाताळचे इंग्रजी सिनेमे मला मनापासून आवडतात. हे मी आता उघड सांगते. माझ्या भावजयीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला? एवढं वाचन असून?" हो, मलाच. वाचन आहे म्हणून काय माणसाने गोड खाऊच नये?

थिएटरात कधीही न लागणारे, थेट टीव्हीसाठीच काढलेले हे सिनेमे. गोष्ट ठरलेली. मोठ्या शहरात नोकरी करणारी एक बाई, सतत कानाला फोन. ती काही कामाने डोंगरातल्या लहानशा गावी जाते. तिथली बेकरी नाहीतर लॉज बंद पडायला आलेलं असतं. तिथेच एक चौकड्यांच्या शर्टातला गृहस्थ लाकूड तासत असतो. आधी भांडण, मग दोघांनी मिळून बिस्किटं भाजायची, मग ऐन वेळी एक फालतू गैरसमज, आणि पंचवीस डिसेंबरला बर्फात एक चुंबन. तेही शेवटच्या दोन मिनिटांत, त्यामुळे बाकीचा दीड तास रिमोट हातात धरून बसावं लागत नाही. आणि हा गृहस्थ बहुतेक वेळा विधुर. त्याला आठ-दहा वर्षांची एक शहाणी मुलगी असते, आणि तीच दोघांचं जमवून देते.

माझं या सिनेमांशी जमलं ते या विधुरामुळे. छत्तीस वर्षांची होईपर्यंत मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. घरोघरी कॉम्प्युटर आले, इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं, आणि नात्यातल्या बायकांना माझ्या लग्नाची नव्याने आठवण झाली. "आता काय, बिजवरच बघायचा," असं त्या माझ्यासमोर बिनदिक्कत म्हणायच्या. मंडईत उशिरा गेलं की दबलेले टोमॅटो घ्यावे लागतात ना, त्या सुरात. आमच्याकडे बिजवर म्हणजे तडजोड. आणि या सिनेमांत? अहो, तिथे बिजवर म्हणजे हिरो! आणि त्याच्या प्रेमात पडणाऱ्या चाळिशीतल्या बाईला अख्खं गाव टाळ्या वाजवतं. हे पाहिलं आणि मी खलासच झाले.

मला मिळालेला बिजवर लाकूड तासत नव्हता. हिंजवडीकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. चौकड्यांचे शर्ट मात्र घालायचा. मुलगीही होती, दहा वर्षांची. तिची आई दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली होती.

जूनमध्ये लग्न झालं आणि मी बिबवेवाडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. नोव्हेंबर संपताना कंपनीने ह्यांना दीड महिन्यासाठी अमेरिकेला पाठवलं. निघायच्या आदल्या रविवारी मुलीची आजी, म्हणजे तिच्या आईची आई, खडकीहून आली. "पोर आता आमच्याकडेच राहू द्या. शाळेचं आम्ही बघतो. तुमचा संसार तुम्हाला मोकळा," असं त्या म्हणाल्या. बोलल्या ह्यांच्याशी, बघत होत्या माझ्याकडे. हे म्हणाले, "मी परत आलो की तिलाच विचारू. ती म्हणेल तसं करू." मुलगी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "विचारायचं काय त्यात? मी आजीकडे जाणार."

खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. मी काही संत नाही. सहा महिन्यांत त्या मुलीने मला एकदाही कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती. "ऐकलंत का, डबा झाला का?" असं दारातूनच विचारायची. पूर्वीच्या बायका नवऱ्याशी बोलायच्या तसं. मी म्हटलं, दीड महिना सांभाळायचं आणि पाठवून द्यायचं.

मग तिला नाताळची सुट्टी लागली आणि केबलवर या सिनेमांचा रतीब सुरू झाला. रोज दुपारी मी मटार सोलायला टीव्हीसमोर बसायचे. ती आधी आतल्या खोलीच्या दारातून बघायची. दोन दिवसांनी ताटलीच्या पलीकडे येऊन बसली. चार शेंगा सोलायची, तीन खायची, आणि सिनेमाला बोल लावायची.

"त्या कपात काही नाहीये. बघा, कशी हलवतेय."

"एवढा बर्फ पडतोय, आणि एकाचंही नाक गळत नाही."

"यांच्याकडे भांडी कोण घासतं?"

एकदा नायिकेच्या केसांवर बर्फ पडून तसाच बसला, वितळेचना. मी म्हटलं, "साबणाचा फेस आहे तो. आता तिने डोकं धुऊनच घ्यावं." मुलगी इतकी हसली की मटाराचा दाणा घशात अडकून ठसका लागला. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते, आणि तेवढ्यात मला कळलं की ही मला हवी आहे. हायसं वाटलेलं कुठल्या कुठे गेलं. हे परत यायला दोनच आठवडे उरले होते.

या सिनेमांना नावं ठेवणं सोपं आहे. आम्ही दोघी रोज ठेवत होतो. पण त्यांच्यात एक गोष्ट आहे जी आमच्या घरात मी कधी पाहिली नव्हती. तिथे माणसं "माझं चुकलं" असं सरळ म्हणतात. समोर उभं राहून, एका वाक्यात. आमच्या माहेरी चूक कबूल करायची पद्धत म्हणजे "चल, जेवून घे." वडील जाईपर्यंत त्यांच्या कितीतरी चुका अशाच जेवणाबरोबर आमच्या पोटात गेल्या होत्या. त्या सिनेमांत कोणी दुष्टही नसतं. बेकरी विकत घ्यायला आलेला सुटाबुटातला माणूससुद्धा शेवटी एक बिस्कीट खातो आणि विरघळतो. एवढं भाबडं असायला धीर लागतो, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

एक मात्र खटकायचं. त्या विधुराची पहिली बायको. ती एका फोटोत हसत असते. कशाने गेली, ते कोणी सांगत नाही. तो म्हणतो, "मी सुखी व्हावं अशीच तिची इच्छा असती," आणि विषय मिटला. ती कधी चिडली नाही, तिचं कधी काही करपलं नाही. आमची मुलगी असा प्रसंग आला की उठून पाणी प्यायला जायची. मला ते दिसत होतं, पण अर्थ लागला नव्हता.

उलट मी त्यातूनच भलता धडा घेतला. एका सिनेमात नायिकेला माळ्यावर खोकं सापडतं. त्यात त्या गेलेल्या बायकोने हाताने केलेली सजावट असते. नायिका ती झाडावर लावते, मुलगी बघते, रडते, आणि तिला मिठी मारते. झालं! त्या शनिवारी मुलगी खडकीला गेली होती. मी स्टुलावर चढून आमचा माळा उपसला. एका खोक्यात कागदी आकाशकंदील मिळाला, एका बाजूने वाकडा, फिकट पडलेला. हाताचाच वाटत होता. माझे डोळे भरून आले. दिवाळी होऊन दीड महिना उलटलेला, तरी मी तो गॅलरीत टांगला आणि आत दिवा लावला.

रविवारी संध्याकाळी मुलगी आली. दारातच थांबली.

"हा कोणी काढला?"

"मी. म्हटलं, तुझ्या आईची आठवण..."

"तू कशाला हात लावलास?"

पहिल्यांदाच मला तू म्हणाली ती. खुर्चीवर चढून तिने कंदील ओढला, त्याची शेपटी फाटली. मग तो मांडीवर घेऊन गॅलरीतच खाली बसली.

"सिनेमातली मुलगी आता रडून मिठी मारते," ती म्हणाली. "मी नाही मारणार."

"नको मारूस. माझं चुकलं. सिनेमा बघून शहाणपणा करायला गेले मी."

तिने फाटलेली शेपटी जागेवर लावून पाहिली. मग फणकाऱ्याने म्हणाली, "आणि हा आईने केलेला नाहीच मुळी! बाबांनी मंडईतून आणलेला. स्कूटरवर चेपला म्हणून वाकडा झालाय. आईला कंदील येतच नव्हता. तिला काहीच करता यायचं नाही."

मला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला, पण नाही जमलं. तिने रागाने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

मी विचारलं, "मग काय यायचं तिला?"

तिने डोळे पुसले. दोन वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे "तुझी आई म्हणजे देवमाणूस" म्हणायचे आणि हातावर चॉकलेट ठेवायचे. हे तर बायकोचं नावसुद्धा घेत नसत, पोरीला त्रास होईल म्हणून. आजीला नुसतं रडू यायचं.

"पत्त्यांत चोरी करायला यायची," ती म्हणाली.

मग ती सुरूच झाली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. आई पत्ता पायाखाली लपवायची. तिची पोळी कधी गोल झाली नाही. रिक्षावाल्याशी भांडताना तिला इंग्रजी सुचायचं. एकदा मंडईत ती मुलीला भाजीवालीपाशी विसरून पार्किंगपर्यंत गेली, आणि परत येऊन मुलीलाच ओरडली, "कुठे हरवली होतीस?" टीव्ही चालू असायचा, पण आवाज बंद. त्या आठवड्यातल्या एकाही सिनेमाचा शेवट आम्ही पाहिला नाही. काय होणार ते माहीतच होतं.

हे परत आले आणि पुढच्याच रविवारी आजी आली. मी सकाळीच मुलीच्या फ्रॉकना इस्त्री करून ठेवली होती. सिनेमातल्या बायका शेवटी विमानतळावर धावतात, सगळ्यांसमोर मनातलं सांगतात. मला तिला "राहा" एवढंच म्हणायचं होतं, आणि मी सोफ्याच्या कोपऱ्यात ओढणीचा धागा ओढत बसले होते. माझं म्हणणं तिच्यावर ओझं होईल, याची भीती वाटत होती.

"काय मग?" आजीने विचारलं. "चलायचं ना?"

"मी शनिवार-रविवार येत जाईन," मुलगी म्हणाली.

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस इथे. हिला आईचं सांगतेय मी. अजून सांगून झालेलं नाही."

हे जमिनीकडे बघत राहिले. आजीचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता या उठून जाणार, आणि त्यांचं काय चुकलं? त्यांची तर लेक गेली होती.

"काय काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"पत्त्यांचं. पोळ्यांचं. मंडईत मला विसरली ते."

"आणि नववीत नापास झाली ते?"

"आई? नापास?"

"मलाही माहीत नाही हे," हे म्हणाले.

"तुम्हाला कशाला सांगेल? लग्न मोडलं असतं." आजीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. या वेळी त्या रडत नव्हत्या. मी चहा ठेवायला म्हणून उठले.

"चहा राहू दे, अगं," त्या मला म्हणाल्या. "तूही बस. मला हे दोनदा सांगवायचं नाही."