चिंधीखालचे दाते

हमीदचाचा गेल्याची बातमी मला एका गिऱ्हाईक बाईकडून कळली. लोणी देवकरची बाई, नवरा तिथल्याच कंपनीत कामाला, सणावाराला ब्लाउज माझ्याकडंच टाकते. माप देता देता म्हणाली, "बारामतीचे ते जर्मन मशीनवाले चाचा गेले म्हनं, रविवारी." मी टेप तिच्या दंडाभोवती धरून उभी होते. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की अगं बाई, माझी मशीन तिथंच राहिली. माणूस गेल्याचं मागून आलं. ती बाई पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, मी पंखा बंद केला, आणि मग रडू आलं. हे असं उलटं का झालं ते मला कळत नाही. दंडाचं मापही चुकीचं लिहिलं गेलं आणि ब्लाउज उसवून पुन्हा शिवावा लागला. आता चाचांचा चाळीसावाही होऊन गेला, तरी माझा गुंता आहे तसाच आहे. लिहून सुटेल असं नाही, पण दोऱ्याचं टोक कुठं आहे तेवढं तरी दिसेल, म्हणून बसले आहे.

बारामतीत मंडईमागच्या गल्लीत चाचांचं दुकान. एक लांबट खोली, आत जाताना अंग चोरून जायचं, कारण दोन्ही बाजूंना मशीनी. पोटापाण्यासाठी ते सगळ्याच शिलाई मशीनी दुरुस्त करायचे, पण जीव जुन्या जर्मन मशीनींवर. बाकीच्या मशीनी 'गिऱ्हाइकाच्या' आणि जर्मन तेवढी 'आपली', मग ती कुणाची का असेना. कुणाच्या गोठ्याच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली, गंजून दगड झालेली मशीन आली, की चाक फिरवायला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकेका भोकात तेल सोडायचं, झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, "ओढाताण केली तर मोडंल. निजलीय ती. तेल मुरू द्या, आपसूक उठंल." आतले भाग रॉकेलनं धुवायचे, पण मशीनीच्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला रॉकेलचा थेंब लागू द्यायचे नाहीत. ती तेलात बुडवलेल्या कापसानं पुसायची, तीही तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी. आमच्या मशीनीवर सोनेरी जर्मन अक्षरं होती, आणि आई दर खंडेनवमीला त्या अक्षरांनाच हळदीकुंकू लावायची. ते खाचांत बसून घट्ट झालं होतं. चाचांनी सगळी मशीन लखलखीत केली, पण ते कुंकू कधी काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्या अक्षरात काय लिवलंय ते तुला वाचता येत न्हाय, मला बी येत न्हाय. कुकू कशासाठी लावलंय ते दोघांना बी कळतंय. मग ऱ्हाऊ दे की."

आमचं गाव कळस. आई तिथं पायमशीनीवर गावाचे ब्लाउज, परकर, पोरांच्या चड्ड्या शिवायची. ही मशीन माझ्या आजोबांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली, आणि आली तेव्हाच तिचे दाते झिजलेले होते. मशीनीच्या सुईखाली बारीक दातांची पट्टी असते, ती कापड पुढं सरकवते. दाते गुळगुळीत असले की कापड जागच्या जागी अडतं आणि टाक्यांचा गोळा होतो. जर्मन दाते मिळायचे कुठं त्या काळी? मग आईनं आपला उपाय काढला. उजवा हात सुईच्या अलीकडं, डावा हात सुईच्या पलीकडं, आणि मागून कापड हळूच ओढत राहायचं. मी इंदापूरला शिवणाच्या क्लासला जायला लागले तेव्हा आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मागून कापड ओढायचं नाही, सुई मोडते, टीप बिघडते. मी घरी येऊन आईला शहाणपणा सांगितला. आई म्हणाली, "बरं." आणि ओढत राहिली. तिची टीप अशी येई की उसवताना ब्लेड अडावं. गावातल्या बायका नुसती शिवण बघून सांगायच्या, ही कळसच्या आक्काची.

पुढं कधीतरी फलटणच्या एका शिंप्याची अगदी तसलीच मशीन भंगारात निघाली, आणि चाचांना तिचे दाते मिळाले. चांगले, धारदार. ते एसटीनं कळसला आले, दाते तपकिरीच्या डबीत, वर कापूस. लग्नाची पत्रिका आणावी तसा त्यांचा चेहरा होता. "आक्का, आता ओढायचं काम न्हाय. घटकाभरात बसवून देतो."

आईनं डबी उघडून बघितली, दात्यांवरून बोट फिरवलं आणि डबी परत दिली. "नको चाचा. आता हात बसलाय माझा. नवं बसवलं तर मीच अडखळीन."

मला वाटलं, चाचा चिडतील, निदान समजूत घालतील. त्यांनी काय केलं तर बैठक मारून मशीनीचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरतो तो, आईच्या ओढण्याला सोपा जाईल असा हलका करून दिला. वर धाग्याचा ताणही तिच्या हाताजोगता लावला. म्हणजे चूक तशीच ठेवली आणि मशीन चुकीला जुळवून दिली. तेव्हा मला ते अजिबात पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलंय असं नाही.

आई गेल्यावर मशीन माझ्याकडं इंदापूरला आली. माझा धंदा मोटरच्या मशीनीवर, त्यामुळं ही आपली कोपऱ्यात. मधेच कधी बसले की चुण्याच चुण्या. एकदा पुण्याहून एक तरुण आला होता, त्याला हॉटेल सजवायला जुन्या मशीनी हव्या होत्या. वर काच टाकून टेबल करणार म्हणे. मी त्याला चाचांकडं पाठवलं, गंमत म्हणून. चाचांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मला फोनवर म्हणाले, "मंगल, असली मानसं धाडत जाऊ नको. चहा प्यायचा आसंल तर हितं टेबल काय कमी हायती?"

तेल-पाण्याला मशीन त्यांच्याकडं गेली की दर खेपेला एकच प्रश्न, "दाते बदलू का गं?" मी म्हणायची, नको. "मग तू आईवानी ओढ." तेही नको, मी क्लास केलेली बाई. चाचा हसायचे. "बसायला घोडा नगं, चालायला वाट नगं. तुझं करायचं तरी काय?" काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. दाते बदलले तर मशीन चालेल, पण मग ती आईची राहील का? आणि न चालणारी मशीन आईची म्हणून ठेवायची, तर त्या पुण्याच्या पोराच्या टेबलात आणि माझ्या मशीनीत फरक तो काय?

यंदा माझ्या लेकीला दिवस गेले, तेव्हा हे प्रकरण निकाली काढायचं ठरवलं. लेक जन्मली तेव्हा आईनं तिचं पहिलं झबलं आपल्या जुन्या मऊ लुगड्याचं शिवलं होतं, याच मशीनीवर. आता लेकीच्या बाळाचंही याच मशीनीवर व्हायला हवं होतं. आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला चुणी चालत नाही, टोचते. भाच्याच्या टेम्पोत मशीन घालून बारामतीला गेले. चाचा वाळले होते, पण हात स्थिर होता. नेहमीचा प्रश्न आला. मी वैतागून म्हणाले, "तुम्हाला वाटेल ते करा चाचा, मला विचारू नका."

त्यांनी मशीनीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला काय वाटायचं... बरं, बघतो." हेच आमचं शेवटचं बोलणं.

चाचांचं कामाचं एक ठरलेलं होतं. मशीन पुरी झाल्याशिवाय तिच्यात चिंधी घालायचे नाहीत. पुरी झाली, की दात्यांवर चिंधीची घडी ठेवायची, तिच्यावर पाय सोडायचा, म्हणजे पाय आणि दाते एकमेकांना घासत नाहीत. चिंधी दिसली की गिऱ्हाइकानं मशीन उचलावी. मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा रेहानाचाचींनी रडून झाल्यावर स्वतःच दुकान उघडून दिलं. माझी मशीन खिडकीजवळ, चादरीखाली. चादर काढली तर सुईखाली पांढरी चिंधी. म्हणजे काम झालेलं... मी चाचींना म्हणाले, "पुरी केली होती वाटतं त्यांनी." चाची चिंधीकडं बघत राहिल्या. "काय की गं. मी झाकायला आले तवा समद्या मशीनी बघितल्या. त्यांची सवय डोळ्यासमोर व्हती, म्हनून माझ्या हातनं बी घातली गेली आसंल. त्या दिसाचं मला काय बी ध्यानात न्हाय."

झालं. मशीन घरी आणली, पण चिंधी उचलवेना. चिंधीखालीच दाते. नवे असले तर आईची टीप संपली. जुने असले तर चाचांचं काम अर्ध्यावर राहिलं आणि झबलं काही होत नाही. कुठलं निघावं असं मला वाटत होतं? देवाशपथ सांगते, सकाळी एक वाटायचं आणि संध्याकाळी दुसरं. आमचे मालक म्हणाले, "अगं, उचल आणि बघ, मिनिटाचं काम." त्यांना काय जातंय म्हणायला. मी मशीनीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवून दिली, म्हणजे दिसायलाच नको.

परवा लेक आठव्या महिन्याची घरी आली. तिनं चळत उचलून पलंगावर ठेवली आणि आजीचं लुगडं माझ्या हातात दिलं. मी पाय वर केला आणि चिंधी काढली.

जुनेच दाते. गुळगुळीत. पण मशीन आतून-बाहेरून पुसलेली, तेल दिलेली, चाक बोटानं फिरत होतं. खाचांतलं कुंकू तसंच. मग दोरा घ्यायला मशीनीचा खण उघडला, तर त्यात तपकिरीची डबी. आत कापसावर नवे दाते. मी चाचींना फोन लावला. त्या म्हणाल्या, त्यांनी डबीबिबी पाहिली नव्हती. म्हणजे डबी चाचांनीच ठेवली. पण कशासाठी? उद्या बसवू म्हणून हाताशी ठेवली, की तुझं तू बघ म्हणून माझ्या खणात टाकली? मी त्यांच्यावर ढकललेलं त्यांनी माझ्यावर परत ढकललं होतं काय? की असलं काहीच नसून नुसतं जागेवर ठेवायचं म्हणून ठेवलं? कितीही उलटंपालटं केलं तरी उत्तर येत नाही, आणि विचारायला माणूस नाही. या गोष्टीचा मला रागही येतो आणि चाचांची आठवणही येते, दोन्ही एकदमच.

झबलं बेतलं आणि शिवायला बसले. पहिल्या दोन बोटांतच चुणी. उसवलं. पुन्हा बसले. लेक समोर बसून टोपड्याची नाडी वळत होती, इकडचं तिकडचं बोलत होती, आणि मी तिच्या बोलण्याला हं हं करत पायडल मारत होते. एक बाजू पुरी झाली, मी कापड उलटून बघितलं, तर टीप सरळ. एक चुणी नाही. लेक म्हणाली, "आई, तू मागून ओढत होतीस."

मी खाली बघितलं. माझा डावा हात अजून सुईच्या पलीकडं होता.

क्लासच्या बाईंनी बघितलं असतं तर पट्टीच मारली असती. झबलं रात्रीच्या स्वयंपाकाआधी पुरं झालं. डबी मी परत खणात ठेवली, चाचांनी ठेवली होती तिथंच. मशीन पुसली, दात्यांवर चिंधीची घडी ठेवली आणि तिच्यावर पाय सोडला. आधीची चिंधी कुणी घातली होती ते मला कधीच कळणार नाही. ही मी घातली आहे.