गंजलेले बोल्ट आणि अण्णांचा अबोला

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात दुपारी दोननंतर सगळंच पेंगतं. कुत्री, दुकानदार आणि कडुलिंबाखाली उभी असलेली आमची जुनी मोटारही. तिच्याशेजारी खुर्ची टाकून माझे वडील, अण्णा, बसायचे. त्या उन्हाळ्यात आठ दिवस ते माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते, आणि मला जेवण जात नव्हतं.

चूक माझीच. गाडी फार आवाज करायला लागली, म्हणून इंजिनाला धुराचा पाइप जोडणारे बोल्ट काढायला मी बसलो. गंजून पार चिकटलेले. अण्णांची उमेदीची सगळी वर्षं उजनी धरणाकाठच्या गावात पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेलेली. शेजारी बसलेले ते म्हणाले, "आरं, आदी जरा आवळ, मंग सोड. जोर लावू नगंस."

मी मुळातच तापट. "काढायचाय तर आवळू कशाला? तुमचं पंपाचं शास्त्र गाडीला चालत नाही," असं फाडकन बोललो आणि सगळं अंग टाकून पाना ओढला. बोल्टचं डोकं कटकन तुटलं. अण्णा उठून घरात गेले.

मग मी इरेला पेटून गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक शोधू लागलो. फोनवर धुंडाळलं, नाही मिळालं. शेवटी एका रद्दीच्या दुकानात सापडलं, पानापानावर तेलकट बोटांचे ठसे असलेलं. धुराच्या पाइपाच्या पानावर इंग्रजीत एवढंच होतं: बोल्ट काढावेत. कसे, ते नाही. पुस्तकातली गाडी कधी म्हातारी झालीच नव्हती. मला आधी हसू आलं, मग रडू.

पुस्तक छातीवर ठेवून खिडकीशी आडवा झालो. लहानपणी याच गाडीच्या मागच्या सीटवर मी असा झोपायचो. वाटेतलं मोडनिंब गाव मागे पडायचं, पुढे अण्णांची मान हलत असायची, ऊन पापण्यांवर नाचायचं. अर्धवट झोपेत वाटलं, गाडी चाललीय, आपण अजून पोचलेलो नाही.

डोळे उघडले तर अण्णा बॉनेट उघडून वाकलेले. हातात खोबरेल तेलाची जुनी बाटली, तिच्यात गंज सैल करायला डिझेल. समईत तेल घालावं तसे उरलेल्या बोल्टांवर एकेक थेंब सोडत होते. बाटली निम्म्याहून रिकामी होती. म्हणजे हे रोजच चाललं होतं, आणि मला वाटायचं, ते डुलक्या काढतात.

बाहेर गेलो. पाना लावला आणि आधी आवळला, अगदी केसभर. मग सोडला. बोल्ट कुरकुरला आणि हळूहळू फिरत बाहेर आला. मी तो अण्णांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो धोतराला पुसला, उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"चल," ते म्हणाले, "आता त्या मोडलेल्याचं बगू."