पावणं, बादलीत टाका की!

दादा, माझा थोरला भाऊ, गेल्याचा फोन आला तेव्हा मी इचलकरंजीत आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये होते. त्या खडखडाटात धड काही ऐकू येत नव्हतं. गावाकडच्या शेजारणीनं "सुमे, सुभेदार गेलं गं" एवढंच ओरडून सांगितलं आणि मी नेसत्या लुगड्यानिशी एसटी धरली. पन्हाळ्याच्या अलीकडं, कोडोलीच्या रस्त्याला आमचं गाव. चौकात उतरले आणि बघते तर समोर दादाच उभा... दोन मजली उंच, अंगावर वर्दी, छाती पुढं काढलेली. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याच्याही खाली, दादाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात, आमच्या संग्रामच्या म्हणजे दादाच्या लेकाच्या घड्याळाच्या दुकानाचं नाव, नि 'सैनिकांचं एकमेव विश्वासाचं ठिकाण'. माणूस अजून अंगणात होता, तिरडी बांधायची होती, आणि पोरानं बापाचा फ्लेक्स छापून टांगलासुद्धा होता! मला रडू यायच्या आधी शिसारी आली. खोटं कशाला लिहू? दुकानाचं नाव मी इथं देणार नाही. फुकटची जाहिरात व्हायची, आणि ते पोरगं ह्या लेखाचंही कात्रण काचेत लावायला कमी करणार नाही.

त्या फ्लेक्समध्ये आणखी एक गोष्ट होती. दादाच्या डाव्या मनगटावर एक काळंकुट्ट, चहूबाजूंनी बटणं असलेलं, आंबोळीएवढं घड्याळ चिकटवलं होतं. फोटो जुना होता, घड्याळ दुकानातलं होतं, आणि काम कॉम्प्युटरवाल्याचं. दादाला ओळखणाऱ्या कुणालाही ते पाहून हसू आलं असतं, कारण दादानं सैन्यात गेल्यापासून घड्याळाची तबकडी कधी वर ठेवलीच नाही. ती कायम मनगटाच्या आतल्या बाजूला. काच उन्हात चमकली की लांबून दिसते, आणि बंदूक धरलेली असताना हात न वळवता वेळ कळावी, म्हणून. अंगणात त्याला आंघोळ घालताना हात पुढं आला, तेव्हा आतल्या बाजूला उन्हानं न रापलेला पांढरा गोल तेवढा दिसला. घड्याळ नव्हतं. मी संग्रामला विचारलं, तर म्हणाला, "दवाखान्यात कुठं गेलं काय म्हाईत, आत्ती. तिथली माणसं काय सांगत्यात व्हय?" मढं दारात असताना घड्याळावरून काय भांडायचं...

आमच्या लहानपणी घरात घड्याळच नव्हतं. साखर कारखान्याचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची. त्यामुळं दादा भरती झाला आणि गावानं सत्कार करून एका पुढाऱ्याच्या हस्ते त्याला सोनेरी घड्याळ दिलं, तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. दिसायला लई देखणं. पिवळंधमक, नक्षीचा पट्टा, आणि सेकंदकाटा नसलेलं. ते बांधून दादा बर्फातल्या चौकीवर गेला. तिथं पहाऱ्यावरच्या माणसाला फार वेळ उभं करत नाहीत, पाय गोठतात. एकदा भरदुपारी वादळ सुटलं. बाहेर निपाणीकडचा अण्णाप्पा उभा होता, आणि त्याच्या जागी जायची पाळी दादाची. आत बंकरमध्ये दादा घड्याळ बघत बसला होता. थंडीनं सेल बसला होता आणि घड्याळ केव्हाच थांबलं होतं, पण सेकंदकाटाच नाही म्हटल्यावर ते चालतंय की मेलंय हे कळणार कसं? अजून वेळ आहे, अजून वेळ आहे, असं म्हणत तो बसून राहिला. जागा सोडायची नाही म्हणून अण्णाप्पा बाहेर उभाच. त्याच्या डाव्या पायाची सगळी बोटं कापावी लागली. अण्णाप्पानं दादाला त्यावरून कधी शब्दानं टोचलं नाही. दादानं मात्र ते सोनेरी घड्याळ दगडावर ठेवून ठेचलं, आणि कॅन्टीनमधून एक साधं, काळ्या तबकडीचं, रोज चावी द्यायचं घड्याळ घेतलं. सकाळी चहाला आधण आलं की तो चावी द्यायचा आणि कानाला लावून ऐकायचा. हे मरेपर्यंत चाललं.

पेन्शनीत आल्यावर आमच्या पंचक्रोशीत ज्याची म्हणून भरती व्हायची, तो आधी दादाकडं यायचा. दादा त्याला घेऊन कोल्हापुरात घड्याळ घ्यायला जायचा. दुकानदार त्याला लांबून बघूनच कपाळाला हात लावायचे! कारण हा बाबा घड्याळ बांधून काउंटरसमोर जमिनीवरच जोर काढायचा. "चावीचं टोक मनगटात घुसतंय. नगं." पुढचं. "ह्याची काच कडंच्या वर आलीया. पयल्यांदा तीच फुटणार." पुढचं. "ह्यो पट्टा स्टीलचा हाय, थंडीत कातडं सोलून काढंल. कापडी एकसंध पट्टा दावा, घड्याळाच्या खालनं जाणारा... एक पिन तुटली तरी घड्याळ पडाय नगं." मग घरी आणून ते घड्याळ एक दिवस तालमीतल्या तांबड्या मातीत, एक दिवस ऊसतोडीला फडात, आणि शेवटी म्हशीची पेंड भिजवायच्या पत्र्याच्या बादलीत. रात्रभर बुडवून सकाळी काचेवर आतून वाफ दिसली की परत दुकानात. "मागं 'वॉटरप्रूफ' लिवलंय की सुभेदार," असं दुकानदार म्हणाला की दादाचं उत्तर ठरलेलं: "माझ्या म्हशीच्या पाठीवर 'ऐरावत' लिवतो, मग तिला सोंड फुटती काय बघू."

आता अशा बापाच्या पोटी संग्राम. भरतीच्या अकादमीत तो पण पळाला होता, पण उंचीत बसला नाही. त्याचं दुःख दादाला जास्त झालं. अकादमीच्या समोरचा गाळा दादानंच बघून दिला. पोरगं सैनिकांच्या उपयोगी पडेल, असं त्याला भाबडं वाटलं होतं. संग्रामनं काय आणलं? आंबोळ्या! 'कमांडो', 'टँक', 'मिशन' असली नावं, नुसती दिखाऊ बटणं, आणि आत खेळण्यातलं यंत्र. दादानं त्यातलं एक उचलून घरी नेलं आणि बादलीत टाकलं. टाकल्या टाकल्या त्यातनं बुडबुडे यायला लागले. संग्रामला दाखवलं, तर तो म्हणतो, "दादा, पोरांस्नी तसलंच पायजे. फोटोत भारी दिसतंय. लढाय कोण चाललंय ते बांधून?" बापाच्या तोंडावर! त्या बापाच्या, ज्यानं एका घड्याळापायी मित्राची बोटं गेलेली बघितली होती.

दादानं भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ती पत्र्याची बादली पाण्यानं भरली, दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि शेजारी स्टूल टाकून बसला. आतनं कुणी घड्याळ घेऊन बाहेर आलं की दादाची हाक: "पावणं, बादलीत टाका की!" पोरं हसत टाकायची आणि रडवेली होऊन परत आत जायची. संग्रामचा नुसता जळफळाट. गावभर सांगत सुटला, की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. सख्ख्या बापाला वेडा ठरवलं, तेही चार बुडबुड्यांसाठी! दादा मात्र रोज बसायचा. पाऊस असला तर छत्री घेऊन बसायचा.

मग त्याला छातीचं दुखणं लागलं आणि तो अंथरुणाला खिळला. आमची शेवटची भेट तेव्हाची. शेजारच्या कांबळ्यांची नम्रता तिथं बसली होती. तिची मिलिटरी पोलिसात निवड झालेली, आईबापापेक्षा दादालाच जास्त आनंद. तिचं मनगट माझ्या करंगळीएवढं. दादा तिला म्हणाला होता, मी उठलो की जाऊ, तुझ्या हाताला बसंल असं बघू. ती गेल्यावर मला विचारलं, "सुमे, बादली पायरीवर हाय न्हवं?"

मी म्हटलं, "गोठ्यात फेकलीया तुझ्या लेकानं."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाला, "त्या पोरीला तेवढं नीट घड्याळ द्या. माझं नाव ऐकून ती कुठलंबी घेईल..." मी हो म्हटलं.

रक्षाविसर्जनाला अण्णाप्पा आला होता, जाड तळाचा बूट घालून, लंगडत. नदीवरनं परत येताना चौकात तो फ्लेक्सखाली थांबला आणि वर बघत राहिला. संग्राम हात जोडून पुढं आला. अण्णाप्पानं कठड्यावर बसून बूट काढला, मोजा काढला आणि बोटं नसलेला तो पाय सरळ त्याच्या पुढं धरला. "बघ. तुझ्या बापाचं घड्याळ थांबलतं तवाचा हाय ह्यो. त्येच्या हातात खोटं घड्याळ बांधतोस व्हय रं?" संग्रामनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला. कसलं काय! दहाव्यानंतर फ्लेक्स बदलला, पण कसा? फोटो तोच, हातातलं घड्याळही तेच, खाली फक्त नवी ओळ: 'सुभेदारांच्या स्मृतिप्रीत्यर्थ खास सवलत.' मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

आणि नम्रता फसली. तिची निघायची तारीख जवळ आली होती, आणि मी लग्नकार्यात अडकून इचलकरंजीहून वेळेत आले नव्हते. आले तर पोरगी दारात उभी, डोळे भरलेले. "आजी, आजोबांच्या हातात फोटोत हाय म्हणून घेतलं ओ. नुसतं हात धुतलं तर ह्ये असं झालं." काचेच्या आत वाफ धरली होती आणि काटे जागच्या जागी थिजले होते. तिच्या मनगटावर तो डबा असा दिसत होता, की शेळीच्या गळ्यात बैलाची घंटा बांधावी. दादा अगदी हेच म्हणाला होता... माझं नाव ऐकून.

मी गोठ्यात गेले, बादली शोधली, आडावर घासली, भरली आणि नम्रताला घेऊन दुकानावर गेले. पायरीवर बादली आपटली तसं निम्मं पाणी आत गेलं. संग्राम धावत आला. "आत्ती, ह्ये काय करायलाईस? गिऱ्हाईक हाईत आत!"

"असू देत. मी बसतो हितं. तुझा बाप बसत हुता तसा. आधी हिला घड्याळ दे. चालणारं."

"तिनं पाण्यात घातलं तर मी काय करू?"

"आरं, मग सैन्यात काय छत्री घेऊन जायचं?" मागाच्या खडखडाटात जन्म गेलाय माझा, आवाज असा लागला की समोरची अकादमीतली पोरं रस्त्यात येऊन उभी राहिली. संग्राम घाईघाईनं वरच्या फळीवरचा दुसरा खोका काढायला गेला. त्यानं हात वर केला, बाही खाली घसरली... आणि मला त्याच्या मनगटावर कापडी पट्टा दिसला. तबकडी आतल्या बाजूला होती.

दवाखान्यात गेलेलं घड्याळ! बापाच्या हातातून ह्यानंच काढलं होतं आणि आळ घेतला होता बिचाऱ्या दवाखान्यातल्या माणसांवर. एवढंच असतं तर मी चार शिव्या घालून सोडलं असतं. पण माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. दुकान भरून घड्याळं, छतापासून जमिनीपर्यंत, आणि स्वतःच्या हातात बांधायला ह्याला त्यातलं एकही चाललं नव्हतं. थू! कुठलं चांगलं नि कुठलं वाईट हे त्याला बापाइतकंच कळत होतं, आणि तरी तो विकत होता.

मी हात पुढं केला. "काढ."

"आत्ती, आठवण हाय दादांची."

"आठवण असती तर त्येच्या फोटूला डबा बांधला नसतास. काढ."

रस्त्यावर पोरं बघत होती. त्यानं काढलं. मी ते घड्याळ घेतलं आणि सगळ्यांसमोर बादलीत सोडलं. एक बुडबुडा नाही. पाण्याच्या तळाशी सेकंदकाटा फिरत होता. पोरं वाकून बघत होती. मग मी ते लुगड्याच्या पदरानं पुसलं, नम्रताच्या मनगटाला बांधलं, तबकडी आत करून. पट्ट्याला एक भोक जादा पाडावं लागलं. "सकाळी च्याला आधण आलं की चावी द्यायची आणि कानाला लावायचं," एवढंच सांगितलं. ती परवा गेली.

चौकातला फ्लेक्स उतरवलाय. दुकानातली सवलतीची पाटी अजून आहे. बादलीसुद्धा आहे, पायरीवर. मी दर बाजाराच्या दिवशी इचलकरंजीहून येते आणि ती भरून ठेवते. ती काढायची आता संग्रामची छाती होत नाही, काढली तर बादली कुठं गेली म्हणून पोरं विचारतात. मी स्टुलावर बसले की संग्राम आत काउंटरमागं उभा असतो. कुणी वेळ विचारली की खिशातला मोबाईल काढून बघतो. भोवतीनं एवढी घड्याळं टांगलेली आहेत, पण त्याचं मनगट अजून उघडं आहे.