दाबल्यासारखं करा

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात नव्या माणसाला मशीनला हात लावण्याआधी तीन दिवस मास्तरांच्या वर्गात बसावं लागतं. दारावरच्या पाटीवर त्यांचा हुद्दा 'प्रशिक्षण व्यवस्थापक' असा आहे, पण तो उच्चारेपर्यंत खाली दोन खोकी तयार होतात, म्हणून सगळे नुसतं मास्तर म्हणतात. मी शेजारचा स्टोअरकीपर. मध्ये प्लायवूडची भिंत. एकोणीस वर्षं मी त्यांचा एकच वर्ग ऐकतोय. 'आधी मेन, मग कुलूप' असं मी झोपेत बडबडतो, अशी बायकोची तक्रार आहे.

मास्तर मुळातले फिटर. कंबर गेली, जड काम बंद झालं, आणि माणूस बोलका आहे म्हणून साहेबांनी हातात खडू दिला. सुरुवातीला उत्साह एवढा, की घरी मुलीला दूध तापवायचंही पायरी एक, पायरी दोन करून सांगायचे. पुढे तेच तेच बोलून घसा झिजला आणि माणूसही. जेवणानंतरच्या वर्गात अर्धे पेंगायचे, उरलेले हजेरीची सही ठोकून घड्याळ बघायचे. "पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणत मास्तर माझ्या स्टुलावर येऊन डोळे मिटून बसायचे. मी चहा पुढे करायचो, तो बऱ्याचदा तसाच गार व्हायचा.

निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि कंपनीने नवं खूळ काढलं. शिकवणाऱ्यांचीच परीक्षा! आधी अकरा पानी फॉर्मवर स्वतःचं मूल्यमापन स्वतः करायचं, मग मुख्य कार्यालयातून कोणीतरी येऊन गुण देणार. साठाच्या आत पडले तर वर्ग दुसऱ्याकडे आणि मास्तर स्टोअरमध्ये, माझ्या हाताखाली.

"तुझ्या हाताखाली? त्यापेक्षा कंबर दुसऱ्यांदा गेलेली बरी," ते म्हणाले. हसले, पण फॉर्म तीन दिवस माझ्या टेबलावर कोराच पडून होता. 'आपल्यातल्या उणिवा' या रकान्यात शेवटी त्यांनी 'कंबर' लिहिलं आणि खोडलं.

परीक्षक बाई चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. सकाळी वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांनी पानंच्या पानं भरली. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकवलेलं खाली कसं वापरतात, ते बघू या." मशीनची कुलपं माझ्या ताब्यात असतात, म्हणून मीही निघालो.

तीन नंबरच्या मशीनवर सगळ्यांची मावशी होती, मास्तरांच्या अगदी पहिल्या वर्गातली. बाई म्हणाल्या, "समजा, रोलरमध्ये पुठ्ठा अडकलाय." मावशीने मशीन थांबवलं, भिंतीवरच्या ओळीतला मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. परत येऊन हिरव्या बटणाकडे बोट नेलं, चार बोटं अलीकडे थांबवलं, "खात्री केली," म्हणाली आणि हात रोलरकडे नेला. बाई मागे उभ्या होत्या, तिथून बोट बटणावर टेकलेलंच दिसत होतं. त्यांनी मान डोलावून फॉर्मवर खूण केली. पाच नंबरवर तेच. आठ नंबरवरही तेच. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

मला उमगायला थोडा वेळ लागला. ते मेन स्विच सगळे एकसारखे. घाईत शेजारचा पाडला, तर आपल्या थांबवलेल्या मशीनची वीज चालूच राहते. म्हणून हात घालण्याआधी हिरवं बटण दाबून बघायचं. मशीन फिरलं तर समजायचं, चुकलो. माणसाचा हात वाचतो तो त्या एका दाबण्यावर. पण वर्गातलं सरावाचं मशीन भंगारातलं, विजेशिवायचं. त्याचं बटण पहिल्या वर्गाआधीच तुटलं आणि तिथे पत्र्याचं धारदार भोक राहिलं. कोणाचं बोट कापू नये म्हणून मास्तर सांगायचे, "इथे दाबल्यासारखं करा." एकोणीस वर्षं, चारशे माणसं. नव्या बटणाची मागणी दोनदा माझ्याकडे आली होती. मेलेल्या मशीनला नवं बटण कशाला, म्हणून ती मीच बाजूला सारली. आजवर कोणाचा हात गेला नाही, तो निव्वळ नशिबाने.

जिन्यापाशी मी त्यांना गाठलं. "मास्तर, गप्प राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. ब्याऐंशी गुण लिहिलेत बाईंनी, मी बघितलेत. उद्यापासून गुपचूप सुधारू."

"चारशे जणांना गुपचूप?"

"मग काय, हात दाखवून अवलक्षण करून घेणार? या वयात?"

ते कठड्याला टेकले. "दमलो रे मी," म्हणाले. "इतकी वर्षं वाटत होतं, माझं कोणी ऐकतच नाही. अरे, एक शब्द खाली पडू दिला नाही लेकांनी."

मग ते सरळ बाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बटणाच्या मागणीचं मी सांगितलं, तेवढी तरी लाज मला होती. बाईंनी शांतपणे ब्याऐंशी खोडले आणि सत्तेचाळीस लिहिले. "वर्ग दुसऱ्याकडे जाईल," त्या म्हणाल्या, "पण नवा माणूस येईपर्यंत या सगळ्यांना तुम्हालाच पुन्हा शिकवावं लागेल. बरोबर कसं, ते आत्ताच दाखवा. खऱ्या मशीनवर."

मावशी बाजूला झाली. मास्तरांनी मशीन थांबवलं, मेन पाडला, कुलूप घातलं. बोट बटणाकडे नेलं आणि ते चार बोटं अलीकडे थांबलं. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा नेला. पुन्हा तिथेच. चारशे जणांना दाखवताना ही सवय सगळ्यांत जास्त त्यांच्याच हातात मुरली होती. आजूबाजूची मशीनं थांबली, तीसेक माणसं बघायला लागली.

"मास्तर," मावशी जवळ येऊन म्हणाली, "घाई नाही. मी इथेच आहे. पूर्ण आत जाईपर्यंत दाबा."

त्यांनी दाबलं. मशीन गप्प राहिलं.

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा दाबलं.

"जमलं," मावशी म्हणाली. एकोणीस वर्षांत मास्तरांना हा शब्द कोणी म्हटला नव्हता, मीही नाही. बोट बटणावर तसंच ठेवून ते सगळ्यांसमोर रडायला लागले.