चार्ज दिल्याशिवाय हात नाही

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकही यंत्र मेल्याचं मान्य केलेलं नाही. यंत्र मरत नसतं, माणसं त्याला घाईनं मारतात, असं त्यांचं ठाम मत. नागापूरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून जन्म काढून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी पोचेपर्यंत रिक्षातच त्यांनी ते खोलून पाहिलं होतं. लग्नाकार्यात चारचौघं पंगतीत बसतात, हे मांडवामागं जनरेटरपाशी सापडतात. माझ्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना कर्णा बंद पडला आणि हे अक्षता खिशात कोंबून त्यात शिरले. आमच्या जोडीच्या सगळ्यात चांगल्या फोटोत मधोमध त्यांची पाठ आहे. बायको तो फोटो अजून कुणाला दाखवत नाही.

निवृत्तीनंतर त्यांना लिनक्स भेटलं, विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली प्रणाली. मग नात्यातल्या एकेका म्हाताऱ्या कॉम्प्युटरात त्यांनी ते घातलं. फुकट मिळतं म्हणून घालता का, असं मी एकदा विचारलं, तर दुखावले. म्हणाले, "फुकटाचं न्हाई वो पाव्हणं. ह्याचं झाकण उघडतं." तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, ते इंजिन म्हणतात. अपडेटनं नवं इंजिन आलं तरी जुनं काढू देत नाहीत, शेजारी ठेवायला लावतात. घरीही तसंच. नवा कुकर आणून वर्ष झालं, तरी जुना फळीवर हजर आहे, आणि मेहुणीबाईंनी आता त्यात कांदे ठेवायला सुरुवात केली आहे.

पण त्यांचा खरा हट्ट चार्जचा. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याला मशीनपाशी उभं राहून सगळं सांगतो: काय चाललं, कुठं आवाज आला, आपल्या हातून काय झालं. ही रीत त्यांनी घरी आणली. मिक्सर बंद पडला, तर शेवटी हात लावणाऱ्यानं समोर उभं राहून चार्ज द्यायचा, त्याशिवाय साडू पाना उचलत नाहीत. मेहुणीबाईंनी एकदा फक्त चटणी वाटल्याचं सांगितलं आणि आत हळकुंड निघालं. तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते दिवसभर गप्प बसले. त्यापेक्षा रागावलेले परवडतात.

गेल्या उन्हाळ्यात ती पाळी माझ्यावर आली. माझी बायको गेली कित्येक वर्षं पारनेर-श्रीगोंद्याच्या गावांतून म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करते. त्यातल्या अर्ध्याअधिक बाया आता नाहीत. आमच्या सासूबाईही नाहीत. हे सगळं साडूंनीच लिनक्स घालून दिलेल्या एका कॉम्प्युटरात होतं, आणि त्याची दुसरी प्रत काढून ठेवायचं काम माझ्याकडं होतं, म्हणजे झालेलं नव्हतं. त्या शनिवारी अपडेट चालू होतं. मला काष्टीच्या बाजाराला निघायची घाई, आणि पडद्यावरची पट्टी एकाच जागी अडून बसलेली. मी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. परत येऊन चालू केलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी, आणि पुढं काहीच नाही. बायकोला मी सांगितलं, लाईट गेली होती. आपल्याकडं हे कुणालाही पटतं. गावातल्या दुकानदारानं सगळं पुसून नव्यानं भरायला सांगितलं, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही.

साडू पहिल्या एसटीनं आले. कॉम्प्युटरपुढं बसले, हात मांडीवर ठेवले आणि चार्ज मागितला. बायको दारात उभी होती. मी लाईटचंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. लाईटच्या झटक्यानं डिस्क दुखावली असेल, तर पुन्हा चालू करणंच धोक्याचं, आहे तेही जाईल. डिस्क काढून पुण्याला पाठवू, निघेल तेवढं निघेल, असं म्हणाले. बायकोनं पदर तोंडाला लावला. तेव्हा मला राहवलं नाही.

"लाईट गेली नव्हती," मी म्हणालो. "अपडेट चालू असताना मीच बंद केला."

बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी जन्मात विसरणार नाही. साडूंनी मात्र स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मग आपलं सामान शाबूत असंल. नवं इंजिन अर्धवट बसलंय, एवढंच. जुनं हाय ना."

त्यांनी कॉम्प्युटर चालू करताना एक बटण दाबून धरलं. यादी आली, त्यातलं जुनं इंजिन निवडलं. अक्षरं भराभर वर सरकली आणि एकदम ओळखीचा निळा पडदा उजळला. मला इतकी लाज आणि इतका आनंद एकदम कधीच वाटला नव्हता. अर्धवट राहिलेलं अपडेट साडूंनी पुरं केलं, दोनदा बंद-चालू करून पाहिलं आणि मग बायकोला म्हणाले, ऐकून खात्री करून घ्या.

तिनं आपल्या आईचीच, म्हणजे आमच्या सासूबाईंची, फाईल लावली. जात्याची घरघर आली, मागोमाग तो खरबरीत आवाज. दोन ओव्या झाल्या आणि तिसरीच्या मध्येच सासूबाई थांबल्या. ते ध्वनिमुद्रण झालं, त्या दिवशी माईक बिघडला होता आणि साडू तिथंच बसून तो जुळवत होते, हे आम्ही साफ विसरलो होतो.

"थोरल्या जावयाला च्या दिला का गं?" सासूबाई कुणाला तरी विचारत होत्या. "मघाधरनं त्या डबड्यात डोकं घालून बसलेत."

साडूंनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिले.

"न्हाई दिला अजून, मामी," ते पडद्याला म्हणाले.

बायको उठली आणि चहा टाकायला आत गेली.