अध्यक्षांची प्रथा

नकाशा समोर आला की अध्यक्ष आधी तो फिरवून घेत. खाडीकाठच्या खारेपाटातली गावे वर आणि पेण शहर खाली आले की समाधानाने म्हणत, "आता बरोबर. आता बोला." नगरपालिकेतले अभियंते मान वाकडी करून आपलाच नकाशा वाचत.

तुम्ही त्यांना बाजारातल्या मिनीडोअर स्टँडवर पाहिले असेल. पांढरा शर्ट, खांद्यावर पंचा, एक पाय गाडीच्या पायरीवर. ते मिनीडोअर, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या तीनचाकी शेअर गाड्या, चालवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. संघटनेला सचिव नव्हता, खजिनदार नव्हता आणि सभा भरल्याचे कोणाला आठवत नव्हते. निवडणुकीचे विचारले तर म्हणत, "कशाला? मी हाय ना."

शहर वाढले. नव्या इमारतींतली माणसे गाड्या घेऊन बाजारात येऊ लागली आणि बाजारात गाडी पुढे सरकेनाशी झाली. नगरपालिकेने मुंबईहून सल्लागार आणला. त्याने बाजारातला रस्ता एकेरी केला आणि मिनीडोअर स्टँड रामवाडीला, हायवेकडे हलवला. अजून कागदावरच. खारेपाटातल्या बायका मासळीच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन मिनीडोअरने थेट बाजारात उतरत. आता त्यांना रामवाडीपासून ओझे डोक्यावर घेऊन चालावे लागणार होते. त्या यायच्या थांबल्या तर मिनीडोअरमध्ये बसवणार कोणाला, हा अध्यक्षांचा प्रश्न होता.

सुनावणीला सभागृह भरले होते. अध्यक्ष पहिल्यांदा उठले ते टोमणा मारायला. "साहेब, रामवाडीला कशाला? रोह्यालाच न्या की स्टँड."

सल्लागार हसला. "काका, थोडा वळसा सगळ्यांनाच पडणार. मूर्तींचे टेम्पोसुद्धा वळून परत कारखान्यांवरूनच जातील."

पेणमध्ये नुसते कारखाना म्हटले की तो गणपतीचा. बसलेले अध्यक्ष परत उठले.

"म्हंजे निघालेला बाप्पा परत कारखान्याच्या दारावरनं जाणार?"

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"नाय जमायचं. कारखान्यातनं निघालेली मूर्ती मागं फिरत नाय. पेणची प्रथा हाय."

पुढच्या रांगेत मूर्तिकार बसले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर मूर्तिकाराने सावकाश मान हलवली, आणि सगळी रांग मान हलवू लागली. पेणची प्रथा पेणच्या मूर्तिकाराला ठाऊक नाही, असे कबूल कोण करणार? सल्लागाराने तर दोन्ही कान धरले.

मूर्तींचा हंगाम संपेपर्यंत निर्णय तहकूब झाला. पेणमध्ये हा हंगाम बारा महिने चालतो, हे ठराव लिहिणाऱ्यालाही माहीत होते.

बाहेर चहाच्या टपरीवर मी अध्यक्षांना विचारले, "अशी प्रथा खरंच आहे?"

"आजपासून हाय," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

प्रथा मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा जोरात रुजली. पुढल्या गणपतीच्या आधी बाजारातल्या अरुंद भागात एका मंडळाचा टेम्पो आणि मिनीडोअरची रांग समोरासमोर आली. टेम्पो जरा मागे गेला असता तर वाट मोकळी झाली असती. मंडळाची पोरे आडवी उभी राहिली.

"बाप्पा मागं जाणार नाय! अध्यक्षांनीच सांगितलंय."

अध्यक्ष रांगेत पहिल्याच गाडीत होते. मागच्या सीटवरची म्हातारी ओरडली, "अरे मेल्या, माझी मासळी कुजंल. सांग की त्यांना!"

काय सांगणार? खरे बोलले असते तर संध्याकाळपर्यंत स्टँड रामवाडीला गेला असता. अध्यक्षांनी पंच्याने तोंड पुसले, खाली उतरले आणि हात उंचावून हाक दिली, "रिव्हर्स घ्या रे सगळे!"

सगळ्या मिनीडोअर टोपल्या आणि शिव्यांसकट नाक्यापर्यंत मागे गेल्या.

"गो आये, देवासाठी एवढं करायला नको?" अध्यक्ष म्हणाले.

"देवासाठी नाय रे. तुझ्या तोंडासाठी चाललंय हे!"



पुढे अध्यक्ष आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. स्टँड एक दिवस बंद राहिला. काही महिन्यांनी दुसरी सुनावणी झाली. संघटनेतर्फे कोण बोलणार, असे विचारल्यावर चालकांनी एकमेकांना कोपरे मारली, उठले कोणीच नाही. योजना चहा येण्याआधी मंजूर झाली. एकेरी रस्त्याच्या आदेशात एक ओळ होती: "प्रथेनुसार मूर्ती वाहून नेणारी वाहने वगळून."

स्टँड आता रामवाडीला आहे. परवा मी तिथे उभा होतो. न रंगवलेल्या, पांढऱ्या मूर्ती घेऊन बाजाराकडे निघालेला टेम्पो डिझेल भरून थांबला होता. सुकटीची टोपली घेतलेली एक बाई त्याच्या केबिनच्या पायरीवर चढली.

"गो मावशे, बाप्पाच्या गाडीत सुकट?" ड्रायव्हर दचकला.

"रंग लागलाय का त्याला? रंग लागंस्तवर देवाला वास येत नाय."

"असं कुठं असतं?"

"आमच्यात असतं. सरक."

तो सरकला. टेम्पो बाजाराच्या एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने शिरला. मागे बाप्पा, पुढे सुकट. चौकातल्या हवालदाराने हात जोडले.