मेसवाल्या मावशींची अट

भूकंपाच्या रात्री माझा धाकटा भाऊ लातुरात गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचत होता, म्हणून वाचला. गावाकडं घरात झोपलेली त्याची बायको आणि लेक वाचल्या नाहीत. तेव्हापासून तो जो प्यायला लागला, तो दारूपायी चोऱ्या करण्यापर्यंत गेला.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, पोरांच्या मेस निघाल्या. आमच्या शेजारच्या मेसमधलं भरलेलं सिलिंडर यानं ऐन स्वयंपाकाच्या वेळी पळवलं आणि पकडला गेला. जाऊ दे तुरुंगात, मला तरी सुखानं झोप लागेल, असं मी चारचौघांत बोलून बसले होते.

पण प्रोबेशन ऑफिसर बाई भलत्याच चिवट. त्यांच्या अहवालावर न्यायाधीशांनी त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. दारू बंद, उपचार चालू. हमी मोडली तर तुरुंग. शिवाय बाईंनी त्याला आणि मेसवाल्या मावशींना समोरासमोर बसवलं.

मावशी निलंग्याकडच्या, जिभेला हाड नसलेल्या. म्हणाल्या, "सिलिंडर गेलं तर गेलं. पोरं उपाशी निजली आन् सकाळी पेपरला गेली. मला तुझी माफी नको. ज्यांला उपाशी ठिवलं, त्यांला रोज वाढायला ये."

पहिल्या दिवशी वरणाची बादली घेऊन तो पंगतीत उभा राहिला आणि सिलिंडर आपणच नेलं, हे त्यानं सगळ्यांना सांगितलं. "काका, मी त्या रात्री बिस्किटं खाल्ली," एक पोरगा म्हणाला. यानं गुपचूप त्याच्या ताटात जास्तीची पोळी टाकली. हळूहळू पोरं त्याच्याशी बोलू लागली, आणि मलाही त्याच्याशी धड बोलावंसं वाटू लागलं.

मग विसर्जनाचा दिवस आला. ढोल वाजू लागले आणि हा घरातून निसटला. मी शोधत फिरले, तर संध्याकाळी मेसच्या दारात उभा, झोकांड्या खात. "मावशी, आज पिऊन आलो. आज अन्नाला हात लावत न्हाई."

हमी मोडली, आता तुरुंगच. कोर्टात सांगू नका म्हणून मी मावशींच्या विनवण्या केल्या. "लपवायचं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्याला कोपऱ्यात बसवून जेवू घातलं. मला त्यांचा असा राग आला!

तारखेला न्यायाधीशांनी त्याच्या वागण्याबद्दल मावशींनाच विचारलं.

"पिला, हे खरं हाय साहेब. पर आधी पिला की आठ-आठ दिस तोंड लपवायचा. ह्या बारीला पिऊन माझ्या दारात आला, आन् सोताहून सांगितलं."

मी सख्खी बहीण, पण त्याच्या बाजूनं इतकं चांगलं मला बोलता आलं नसतं. न्यायाधीशांनी ताकीद दिली, हमी मात्र कायम ठेवली. मला रडू आवरेना. मावशी जागच्या हलेनात.

"आता काय राहिलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कागदं जरा लवकर करा साहेब. सांजच्याला दोन पंगती हायत. याच्याबिगर वाढायला कोण हाय मला?"